नळ आले का वं?

श्वेताच्या क्लाससमोर सायकली लागायला लागल्या की नत्थूजी डाखोळे मास्तरांच्या पोटात दुखायला लागायचं. खरोखरचं दुखायचं हो! सुनेनं ओवा दिला, डॉक्टरनं गोळ्या दिल्या, पण हे दुखणं ओव्यानं जाणारं नव्हतंच. समोरच्या फाटकाला टेकलेली एकेक सायकल म्हणजे आपल्या ओसरीतून उठून गेलेलं एकेक पोट्टं, असा त्यांचा हिशोब होता, आणि तो बराचसा खराही होता.

प्रताप नगरातल्या त्या गल्लीत इंग्रजी म्हणजे डाखोळे मास्तर, हे एके काळी पोस्टमनलासुद्धा माहीत होतं. मास्तर मूळचे सावनेरकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. दिवसा शाळेत नोकरी, संध्याकाळी घरच्या ओसरीत शिकवणी. निवृत्त झाले तरी शिकवणी सोडली नाही. आणि आता त्यांच्या ओसरीच्या तिरपं समोर, अगदी नाकासमोर, श्वेतानं क्लास उघडला होता. पांढरा फळा, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि बाहेर बोर्ड. बोर्डावर तिचं नाव एवढं मोठं की चष्म्याशिवाय वाचता यावं. मास्तर मुद्दाम चष्मा काढून बघायचे, तरी मेलं दिसायचंच.

बरं, परकी कोणी असती तर एक वेळ सोसलं असतं. पण श्वेता होती त्यांचीच विद्यार्थिनी. तिचा बाप वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घ्यायला असायचा, घर मागच्या बोळात, भाड्याचं. दोन वेण्या घालून ही पोरगी ओसरीत यायची आणि शिकवणी संपली तरी उठायची नाही. मास्तरांची बायको जिजाबाई तिला तव्यावरची गरम भाकर आणि तेल-तिखट द्यायची, विस्कटलेल्या वेण्या पुन्हा घालून द्यायची. ‘मले पोरगी नाही झाली, ते हिनं भरून काढलं,’ असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मास्तरांना ते तेव्हाही जरा झोंबायचंच. नवरा हात धुऊन बसलेला आणि पहिली भाकर पोरीच्या ताटात, म्हणजे काय!

मास्तरांची शिकवायची पद्धत साधी होती. दिवेलागणीला पोरं परवचा म्हणतात ना, शुभंकरोती, मग पाढे, तशाच चालीवर ते इंग्रजी क्रियापद म्हणवून घ्यायचे. आणि क्रियापदही एकच. ‘एक धड शिका बे, बाकीचे मागून येतात,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते एक कोणतं, तर वॉश. पहिल्या दिवशी मास्तर उदाहरण शोधत होते आणि अंगणातल्या नळापाशी जिजाबाई कपडे धूत होती. झालं, सापडलं क्रियापद! आय वॉश, यू वॉश, ही वॉशेस, शी वॉशेस. आज धुतो, काल धुतलं, उद्या धुईन. पोरं मांडीवर थाप मारत, डोलत डोलत सगळे काळ पार करायची.

यात एकच घोळ होता. शिकवणीची आणि नळ यायची वेळ एकच. त्यामुळे मास्तरांचं अर्धं चित्त वर्गात, अर्धं नळात. भूतकाळ आटोपला, दे वॉश्ड म्हणून झालं, की पुढचा काळ सुरू करायच्या आधी ते ओसरीतून ओरडायचे, ‘नळ आले का वं?’ आणि अंगणातून, हंड्या-कळशांच्या गराड्यातून, जिजाबाईचा ठसक्यातला आवाज यायचा, ‘आले नं जी, बोंबलू नका!’ पोरं हसून हसून लोळायची. पुढे पुढे तर मास्तरांनी तोंड उघडायच्या आत सगळा वर्गच ओरडायला लागला. मास्तर चिडायचे, छडी आपटायचे, ‘तमाशा लावला का बे?’ म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी वॉश्ड संपलं की स्वतःच पुन्हा ओरडायचे. सवय ती सवय.

जिजाबाई गेली त्याला आता काही वर्षं झाली. मुलानं गच्चीवर मोठी टाकी बसवली, मोटर बसवली, आणि नळाची वाट बघायचं कारणच उरलं नाही. मास्तरांचा वर्गही शिस्तीवर आला. वॉश्ड झालं की विल वॉश, मधे हूं नाही की चूं नाही. ‘आता कसं शिकवल्यासारखं वाटते,’ असं मास्तर स्वतःला सांगायचे. पोरं मात्र एकेक करून समोरच्या फाटकात सायकली लावू लागली.

शेवटी घरातच चोरी झाली. मास्तरांची नात मयुरा, सहावीतली, एके दिवशी जेवताना म्हणाली, ‘आबाजी, मी श्वेता मॅडमकडे जाऊ का?’

मास्तरांचा घास हातातच राहिला. ‘काहून? माझं इंग्रजी शिळं झालं का?’

‘शिळं नाही जी. पण तुमच्या वर्गात कोणी हसत नाही.’

‘इंग्रजी काय हसायची गोष्ट आहे?’

‘तिच्याकडे हसतात. इथपर्यंत ऐकू येते.’

आता हिला काय म्हणावं? ते हसणं मास्तरांना ऐकू येत नव्हतं असं थोडंच होतं? रोज संध्याकाळी, ठरल्या वेळी, समोरून हशा उसळायचा आणि मास्तरांच्या ओसरीतली उरलीसुरली पोरं माना वळवून तिकडे बघायची. नेमकं काय चाललंय ते रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात कळायचं नाही, नुसता हशा तेवढा पोचायचा. आज घरच्या पोरीनंही मान वळवली. मास्तरांची तळपायाची आग मस्तकात गेली.

‘लेकरू आहे बाबा, बोलू द्या,’ सून मधे पडली.

‘काही लेकरूबिकरू नाही! ऐक वं मयुरे. मी सोता जाऊन तिचं शिकवणं ऐकतो. एकही चूक नाही सापडली, तं जा खुशाल तिच्याकडे. पण सापडली, तं पुन्हा या घरात तिचं नाव काढायचं नाही.’

‘अन् सापडली का नाही, हे ठरवणार कोण?’

‘मी! दुसरं कोण?’

मयुरेनं आईकडे बघितलं. आईनं वरणाच्या भांड्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर भैयाजींच्या किराणा दुकानात जाऊन बसले. हे दुकान गल्लीच्या मधोमध. भैयाजींना सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारच्या आत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचते, हे ज्याला पोचवायचं असेल त्याला पक्कं ठाऊक.

‘पोट्टी कच्ची आहे, भैयाजी,’ मास्तर म्हणाले. ‘तिचा पायाच कच्चा आहे.’

भैयाजींनी तुरीची डाळ तोलता तोलता मान वर केली. ‘पण मास्तर, पाया तं तुमीच भरला होता नं तिचा?’

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘पाया भरला होता. वरचं बांधकाम तिचं आहे. ते पडून राहिलं, ते सांगून राहिलो मी.’

‘असं म्हणता? मंग एक काम करा. एक चूक दाखवा. पक्की, नावानिशी. माझा नातू तिच्याकडे जाते. उद्याच काढतो त्याले. अन् भैयाजीनं नातू काढला म्हटल्यावर बाकीचे ठेवतील का?’

हे ऐकून मास्तरांना आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. भल्या माणसाला होऊ नये एवढा झाला. त्यांनी भैयाजींकडचा फुकटचा गुळाचा खडा तोंडात टाकला, ‘उद्या सांगतो’ म्हणाले, आणि संध्याकाळ व्हायची वाट बघत घरी येऊन आडवे झाले. झोप कुठली लागते!

श्वेताच्या क्लासच्या बाजूला चिंचोळा बोळ होता आणि तिकडच्या खिडकीला कूलर लावलेला होता. पावसाळा सरत आलेला, कूलर बंद. त्याच्या गवताच्या ताट्या काढून ठेवलेल्या, त्यामुळे लोखंडी सांगाड्यातून आतलं सगळं आरपार दिसायचं. मास्तर आपल्या ओसरीतल्या पोरांना सुट्टी देऊन, भिंतीला घासत घासत कूलरच्या मागे जाऊन उभे राहिले. वय काय, मान काय, अन् करून काय राहिला हा माणूस! पण मत्सराला वय कळत नाही, अब्रू तर नाहीच कळत.

आत पंखे गरगरत होते. पोरं खुर्च्यांवर ताठ बसलेली. आपल्याकडून गेलेला एक ढब्बू पोरगा मास्तरांना पहिल्या रांगेत दिसला. ओसरीत असताना हा पठ्ठ्या भिंतीला टेकून जांभया द्यायचा, आणि इथं पहिल्या रांगेत! भैयाजींचा नातू तर हात वर करून उत्तर द्यायला धडपडत होता. मास्तरांना त्या हाताचा राग आला. श्वेता मार्कर घेऊन फळ्यापाशी उभी होती. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, आवाज मोकळा. चांगलाच होता आवाज. तेही मास्तरांना आवडलं नाही.

ते कान टवकारून चूक शोधू लागले. आता चुकेल, मग चुकेल. एका पोरानं चुकीचं सांगितलं, मास्तरांचा जीव सुपाएवढा झाला. पण श्वेतानं ते हसत हसत नीट करून घेतलं. उच्चार बरोबर, स्पेलिंग बरोबर, समजावणं तर असं की मास्तरांची मान दोनदा आपोआप हलली. दोन्ही वेळा त्यांनी ती रागानं थांबवली. निर्लज्ज पोरगी एकदासुद्धा चुकेना!

मग श्वेतानं मार्करचं टोपण लावलं आणि म्हणाली, ‘चला, आता परवचा.’

मास्तर दचकले.

‘कोणतं म्हणायचं?’

‘वॉऽऽश!’ सगळा वर्ग ओरडला.

चोरटी! अक्षरशः चोरटी! आय वॉश, यू वॉश, ही वॉशेस, शी वॉशेस. चाल तीच, डोलणं तेच. खुर्चीत बसून मांडीवर थाप मारता येते का नीट? पण मारत होती पोरं. आय अ‍ॅम वॉशिंग, यू आर वॉशिंग, सगळं जसंच्या तसं. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याच वेळी आतून गुदगुल्याही झाल्या. चूक शोधायला आलो आणि चोरी सापडली! भैयाजींना काय सांगायचं तेही त्यांनी उभ्या उभ्या जुळवून टाकलं. ‘माझंच उचलते अन् माझ्याच दारासमोर दुकान लावते,’ असं सांगायचं. मग बघू किती सायकली लागतात.

आत वर्ग भूतकाळात शिरला होता. आय वॉश्ड, यू वॉश्ड, ही वॉश्ड, शी वॉश्ड, दे वॉश्ड. आणि तिथं सगळी पोरं छताकडे तोंड करून, जीव खाऊन ओरडली,

‘नळ आले का वं?’

मास्तरांनी कान कूलरच्या पत्र्याला लावला.

ओरडून झाल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. कोणी मांडीवर थाप मारली नाही, कोणी हललं नाही. ज्यांना हसू येत होतं त्यांनी ओठ दाबून धरले होते. श्वेतानं एक हात वर धरला होता आणि ती दाराकडे बघत होती, कोणीतरी यायचं असल्यासारखी. कोणी आलं नाही. मग तिनं हात खाली केला, दाबून धरलेला हशा फुटला, आणि त्या हशातच पोरं पुढे निघाली, आय विल वॉश, यू विल वॉश.

पुढच्या खुर्चीतल्या चष्मेवाल्या मुलीनं हात वर केला. गोपिका तिचं नाव, या आठवड्यातच आलेली. ‘मॅडम, हे नळाचं कोणत्या टेन्समधे येते?’

‘कोणत्याच नाही वं. ते आमच्या मास्तरांच्या घरचं आहे.’

‘अन् आपण थांबतो काहून?’

श्वेता टेबलाला टेकली. ‘तिथं काकूंचं उत्तर यायचं. अंगणातून. ते आलं का आम्ही पोट्टे जे हसायचो! मी क्लास सुरू केला तवा घरी आरशासमोर ते बोलून पाहिलं. खूपदा पाहिलं. शब्द येतात गं, काकू नाही येत. मंग ती जागा तशीच सोडून ठेवली. वगळून पाहिली तं मले सोताले पुढचं विल वॉश आठवेना.’

कूलरमागे उभ्या असलेल्या मास्तरांना हे ऐकून भरून वगैरे आलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही आलं. आधी आला तो संताप. ही कोण लागून गेली माझ्या बायकोची जागा सोडणारी? बायको माझी, अंगण माझं, नळ माझा! मी आपल्या वर्गातली ती जागा बुजवून टाकली, टाकी बसल्यावर नळाकडे बघायचंसुद्धा सोडलं, आणि ही परक्याची पोर रोज हात वर करून तिची वाट बघते? माझ्या हक्काची वाट हिनं बघायची? आणि शेवटी जे टोचलं ते सगळ्यात वाईट होतं. जिजाबाई वरून बघत असेल, तर संध्याकाळी ती कोणत्या घरात कान देत असेल? पोटातलं दुखणं असं वर उसळलं की मास्तरांना कूलरचा सांगाडा दोन्ही हातांनी धरावा लागला.

‘पुन्हा एकदा,’ आत श्वेता म्हणाली. ‘गोपिकासाठी. पहिल्यापासून.’

पुन्हा थाप, पुन्हा डोलणं. आय वॉश. आय अ‍ॅम वॉशिंग. आय वॉश्ड. मास्तरांचे ओठ आता पोरांबरोबर हलत होते. ते थांबवायचं त्यांना सुचलं नाही. दे वॉश्ड.

‘नळ आले का वं?’

वर्ग गप्प झाला. श्वेताचा हात वर होता.

पुढे काय झालं ते मास्तरांनाही नीट सांगता आलं नसतं. उत्तर त्यांच्याच तोंडातून निघालं. मास्तरांच्या आवाजात नाही, जिजाबाईच्याच ठसक्यात, तिच्यासारखं शेवटी लांबवून,

‘आले नं जी, बोंबलू नकाऽऽ!’

वर्गात एकच गोंधळ उडाला. खुर्च्या सरकल्या, पोरं खिडकीकडे धावली, भैयाजींचा नातू ‘कूलर बोलला, कूलर बोलला!’ म्हणून नाचू लागला. श्वेता मात्र जागची हलली नाही. तिनं खिडकीकडे बघितलंही नाही. वर धरलेला हात तसाच तोंडावर गेला आणि डोळे पुसायला पदर नव्हता म्हणून ती बाहीनंच पुसत राहिली.

मग ती बोळात आली. मास्तरांना पळायचं होतं, पण सदरा कूलरच्या पत्र्यात अडकला होता. तिनं तो हळूच सोडवला.

‘आत या नं सर.’

‘नाही.’

‘सर, तुमाले तं तसंच्या तसं येते! काकूच बोलली असं वाटलं मले. पोरांले शिकवून द्या नं.’

‘नाही शिकवत!’ मास्तर एवढ्या जोरात म्हणाले की खिडकीतली तोंडं आत गेली. ‘सारं तं नेलं तू. वॉश नेलं, चाल नेली, पोट्टे नेले. उद्या माझी नातही येते तुझ्याकडे. पण हे नाही भेटणार. हे माझ्या घरचं आहे.’

श्वेता खाली मान घालून उभी राहिली. तशीच उभी राहायची ती, वेण्या असताना, पाठ झालं नाही की.

मास्तरांनी सदरा झटकला. घसा खाकरला. ‘पाहिजेच असंल,’ ते भिंतीकडे बघत म्हणाले, ‘तं मी येऊन देत जाईन. रोज. पण मीच देईन, दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही. समजलं?’

‘हौ सर.’

परतताना भैयाजी दुकानाच्या पायरीवर वाट बघत उभेच होते. ‘काय मास्तर? सापडली का चूक?’

‘एक होती,’ मास्तर म्हणाले. भैयाजी पुढे वाकले. ‘एका ठिकाणी उत्तर नव्हतं तिच्याकडे. आता आहे. पावकिलो साखर द्या, अन् नातवाले तिथंच राहू द्या.’

दुसऱ्या दिवशी मयुरा नवी वही घेऊन निघाली. मास्तर तिच्यासोबत निघाले, आणि ओसरीतली उरलीसुरली पोरंही सतरंजी गुंडाळून त्यांच्या मागे निघाली. श्वेतानं फळ्याशेजारी, अगदी मानाच्या जागी, हात असलेली खुर्ची मांडून ठेवली होती. वर उशीसुद्धा होती.

‘बसा नं सर.’

मास्तरांनी खुर्चीकडे बघितलं. पोरांकडे बघितलं. मयुरा पहिल्या रांगेत बसलेली बघून त्यांना थोडं झोंबलंच.

‘तुझी काकू कवा आत येऊन बसली होती वं?’ ते म्हणाले. ‘ती बाहेरूनच बोलायची.’

आणि ते बोळात शिरून कूलरमागे जाऊन उभे राहिले, पोरं वॉश्डपर्यंत यायची वाट बघत.